समुद्रजलाच्या सामूचे अचूक मापन : प्रकल्प नोंदी

३ जून

समुद्राच्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, असा मोजायचा की आज वहीत उतरवलेला आकडा दहा वर्षांनी दुसऱ्या कोणी दुसऱ्या उपकरणावर घेतलेल्या आकड्याशेजारी निःशंकपणे ठेवता यावा, हा या प्रकल्पाचा उद्देश आहे. सामूचे मापन हे शाळेच्या प्रयोगशाळेतही होते आणि त्यामुळे ते सोपे वाटते. पण इथे हवी असलेली अचूकता वेगळ्याच पातळीवरची आहे. औद्योगिक युगापूर्वीच्या तुलनेत महासागरांच्या पृष्ठजलाचा सरासरी सामू सुमारे ०.१ ने उतरला आहे. सामूची पट्टी लॉगरिदमची असल्यामुळे हा दशांश दिसायला लहान असला, तरी हायड्रोजन आयनांची संहती त्यामुळे साधारण सव्वापट झाली आहे. हवाईजवळ आणि बर्म्युडाजवळ १९८८ पासून सातत्याने चाललेल्या निरीक्षणांत ही घट वर्षाला ०.००२ हून किंचित कमी भरते. म्हणजे ज्या उपकरणाची चूक ०.०२ आहे, त्याला एका दशकातला बदलही खात्रीने दाखवता येणार नाही.

महासागरांच्या आम्लीकरणाचे निरीक्षण करणाऱ्या आंतरराष्ट्रीय जाळ्याने याच कारणाने दोन पातळ्या ठरवल्या आहेत. स्थानिक आणि अल्पकालीन बदल ओळखायचे असतील, तर ०.०२ पर्यंतची अनिश्चितता चालते. दीर्घकालीन कल पाहायचा असेल, तर ती ०.००३ इतकी कमी असावी लागते. दुसरी पातळी गाठता येते का, ते या प्रकल्पात पाहायचे आहे.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच लिहून ठेवतो. ८.१ सामूच्या समुद्रजलात एका किलोग्रॅममागे साधारण ८ नॅनोमोल हायड्रोजन आयन असतात, तर त्याच पाण्यात बायकार्बोनेट त्याच्या दोन लाख पटींहून अधिक असते. इतक्या विरळ घटकाचे मोजमाप हाताळणीतल्या प्रत्येक लहान गोष्टीने ढळू शकते, हे ध्यानात ठेवूनच पुढची आखणी केली आहे.

८ जून

पहिली चाचणी काचेच्या इलेक्ट्रोडांची घेतली. प्रयोगशाळेतले दोन इलेक्ट्रोड नेहमीच्या मानक बफरांवर (सामू ठाऊक असलेल्या आणि तो सहज न बदलणाऱ्या द्रावणांवर), म्हणजे २५ अंश सेल्सियसला ६.८६५ सामूच्या फॉस्फेट बफरवर आणि ९.१८० सामूच्या बोरॅक्स बफरवर, जुळवून घेतले आणि मग दोन्ही एकाच समुद्रजलात ठेवले. दोघांचेही आकडे तिसऱ्या दशांशापर्यंत स्थिर झाले. पण त्यांच्यातला फरक ०.०४ निघाला. इलेक्ट्रोड धुऊन, आलटून-पालटून पुन्हा ठेवले तरी फरक तेवढाच राहिला.

यात दोन्हींपैकी एकही इलेक्ट्रोड बिघडलेला नाही. मानक बफरांची आयनी तीव्रता (विरघळलेल्या आयनांच्या एकूण प्रमाणाचे माप) ०.१ च्या आसपास असते, तर ३५ क्षारतेच्या, म्हणजे किलोग्रॅममागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असलेल्या, समुद्रजलाची सुमारे ०.७. इलेक्ट्रोडच्या आतले पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण आणि बाहेरचे पाणी जिथे भेटतात, त्या सांध्यावर एक लहानसे विभव (विद्युतदाब) निर्माण होते, आणि विरळ बफरमधून खाऱ्या पाण्यात जाताना ते बदलते. हा बदल सांध्याच्या घडणीवर अवलंबून असल्यामुळे प्रत्येक इलेक्ट्रोडचा वेगळा असतो. २५ अंशांना सामूच्या एका एककाला ५९.१६ मिलिव्होल्ट पडतात, म्हणजे ०.००१ साठी जेमतेम ०.०६ मिलिव्होल्ट, तेव्हा सांध्यावरच्या दोन-तीन मिलिव्होल्टांच्या बदलाने आमच्या उद्दिष्टाचा सगळा अवकाश खाऊन टाकला यात नवल नाही. उपकरण तोच आकडा पुन्हा पुन्हा देते, एवढ्यावरून तो आकडा खरा ठरत नाही.

यापुढे समुद्रजलासाठी साधे बफर वापरायचे नाहीत, असा निर्णय घेतला.

१४ जून

आज मापनापेक्षा अधिक वेळ मापनपट्टी ठरवण्यात गेला, आणि तो जायलाच हवा होता. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ही संकल्पना मांडली तेव्हा प्रश्न विरळ द्रावणांचा होता. समुद्रजलात सल्फेट भरपूर असते आणि त्याचा काही भाग हायड्रोजन आयनाशी जोडला जाऊन बायसल्फेट बनतो. मग मोजायचे काय? केवळ मोकळे आयन मोजले तर ती मुक्त पट्टी. बायसल्फेटमध्ये अडकलेले आयनही धरले तर ती एकूण पट्टी. फ्लोराइडशी जोडलेलेही त्यात मिळवले तर समुद्रजल पट्टी. २५ अंश आणि ३५ क्षारतेला मुक्त आणि एकूण पट्टीतला फरक सुमारे ०.११ आहे, तर एकूण आणि समुद्रजल पट्टीतला सुमारे ०.०१. साध्या मानक बफरांवर आधारलेली जुनी पट्टी या सगळ्यांपासून वेगळी पडते, आणि तिचे एकूण पट्टीत रूपांतर करणारा एकच विश्वासार्ह आकडा देता येत नाही, कारण तो इलेक्ट्रोडागणिक बदलतो.

थोडक्यात, औद्योगिक युगापासून झालेला सगळा बदल जेवढा आहे, तेवढा फरक केवळ पट्टी न लिहिल्यामुळे पडू शकतो. जुन्या नोंदी चाळताना पट्टीचा उल्लेखच नसलेले तक्ते भेटतात तेव्हा खेद वाटतो. कुणीतरी श्रम घेऊन नमुने गोळा केले, मोजले, आणि एका शब्दाअभावी ते दीर्घकालीन तुलनेला मुकले.

आम्ही एकूण पट्टी स्वीकारली आहे. हान्सन यांनी १९७३ मध्ये ती मांडली, कृत्रिम समुद्रजलात बनवलेल्या बफरांनी ती प्रत्यक्षात उतरवता येते, आणि कार्बोनेट प्रणालीचे (पाण्यातला कार्बन डायऑक्साइड, बायकार्बोनेट आणि कार्बोनेट यांच्यातल्या समतोलाचे) आज वापरात असलेले बहुतेक स्थिरांक याच पट्टीवर दिलेले आहेत. वहीच्या प्रत्येक रकान्यात सामूसोबत पट्टी, मापनाचे तापमान आणि क्षारता लिहायची. या तीन गोष्टी नसलेली नोंद अपुरी धरायची.

२१ जून

ट्रिस या दुर्बल अल्काचा कृत्रिम समुद्रजलातला बफर बनवण्याचे काम पूर्ण झाले. एक किलोग्रॅम पाण्यामागे ०.०८ मोल ट्रिस आणि ०.०४ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल घेतले, की निम्मे ट्रिस प्रोटॉन स्वीकारते आणि दोन्ही रूपे समसमान राहतात. सोबत सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांची क्लोराइडे आणि सोडियम सल्फेट समुद्रातल्या प्रमाणाजवळ घालायचे. डेलव्हाल्स आणि डिक्सन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मापनानुसार ३५ क्षारतेच्या या बफरचा एकूण पट्टीवरचा सामू २५ अंशांना ८.०९३६ आहे.

कृती वाचायला सोपी आहे. अवघड आहे ती आम्लाची मात्रा. आम्लात १ टक्का चूक झाली, तर ट्रिसच्या दोन रूपांचे गुणोत्तर जवळजवळ २ टक्क्यांनी बदलते आणि सामू सुमारे ०.००९ ने सरकतो. आम्हाला सगळ्या प्रक्रियेची मिळून ०.००३ अनिश्चितता हवी आहे, म्हणजे आम्लाची संहती हजारात एका भागापर्यंत माहीत असायला हवी. म्हणून बाटलीवरच्या चिठ्ठीवर विसंबलो नाही; आम्ल स्वतंत्रपणे अनुमापन करून प्रमाणित केले, आणि सर्व घटक आकारमानाने न मोजता तराजूवर वजनाने घेतले.

मॅग्नेशियम क्लोराइड हवेतले पाणी इतक्या वेगाने ओढून घेते की त्याचे स्फटिक थेट तोलण्यात अर्थ नाही. त्याचे आधी तीव्र द्रावण केले, सिल्व्हर नायट्रेटने त्यातल्या क्लोराइडचे अनुमापन केले, आणि मग हवे तेवढे द्रावण वजनाने घेतले. कॅल्शियम क्लोराइडलाही हीच पद्धत लावली. तयार बफर बोरोसिलिकेट काचेच्या बाटल्यांत, वर अगदी थोडी हवा ठेवून, बंद केला. दुसरा बफर २-अमिनोपिरिडीनचा केला. त्याचा सामू त्याच स्थितीत ६.७८६६ आहे.

२४ जून

दोन्ही इलेक्ट्रोड नव्या बफरांत तपासले. या दोन बफरांतल्या १.३०७० एककांच्या अंतराला सिद्धांताप्रमाणे ७७.३ मिलिव्होल्ट पडायला हवेत. एका इलेक्ट्रोडने ७६.९ दाखवले, दुसऱ्याने ७५.१. दुसरा बाजूला ठेवला. पहिला इलेक्ट्रोड नव्या जुळणीनंतर समुद्रजलात सकाळ-संध्याकाळ ०.००५ च्या आत तोच आकडा देतो. रात्री तो समुद्रजलातच बुडवून ठेवला, तर दुसऱ्या दिवशी पुष्कळ लवकर स्थिरावतो, ही उपयोगी गोष्ट लक्षात आली. चटकन अंदाज घ्यायला हे उपकरण पुरेसे आहे, पण मुख्य मापनासाठी नाही.

२ जुलै

आजपासून रंगद्रव्याची पद्धत हाती घेतली. मेटा-क्रेसॉल पर्पल हे दर्शक रंगद्रव्य आम्लाकडे झुकलेल्या पाण्यात पिवळे आणि अल्कधर्मी पाण्यात जांभळे दिसते. समुद्रजलाच्या सामूला त्याची दोन्ही रूपे एकाच वेळी पाण्यात असतात. पिवळे रूप ४३४ नॅनोमीटरला प्रकाश सर्वाधिक शोषते, जांभळे ५७८ नॅनोमीटरला. या दोन ठिकाणच्या शोषणांकांच्या, म्हणजे प्रकाश किती शोषला गेला ते सांगणाऱ्या आकड्यांच्या, गुणोत्तरावरून दोन्ही रूपांचे प्रमाण कळते, आणि रंगद्रव्याचा विघटन स्थिरांक (ते किती सहज हायड्रोजन आयन सोडते ते सांगणारा आकडा) माहीत असला की त्यावरून सामू निघतो. क्लेटन आणि बर्न यांनी १९९३ मध्ये दिलेले समीकरण हा या पद्धतीचा पाया आहे.

या पद्धतीचे मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की यात उपकरणाला रोज बफरवर जुळवून घ्यावे लागत नाही. जुळणी रंगद्रव्याच्या रेणूच्या गुणधर्मांतच आहे; एकदा कुणी ते गुणधर्म काळजीपूर्वक मोजून ठेवले, की ते सगळ्या प्रयोगशाळांना सारखेच लागू होतात. गुणोत्तर घेतल्यामुळे रंगद्रव्य नेमके किती पडले याचाही थेट परिणाम उत्तरावर होत नाही. सांधा नाही, त्यामुळे त्यावरचे विभवही नाही.

आमची मांडणी अशी आहे. १० सेंटिमीटर लांबीच्या काचकुपीत नमुना बुडबुडा न राहू देता भरायचा, २५ अंशांना आणायचा, रंगाविना त्याचे वाचन घ्यायचे, मग सूक्ष्म पिचकारीने रंगद्रव्याचे सुमारे २ मिलिमोलर द्रावण थोडेसे सोडून, हलवून पुन्हा वाचायचे. ७३० नॅनोमीटरला रंगद्रव्य प्रकाश शोषत नाही. म्हणून तिथला आकडा दोन्ही वाचनांत सारखा राहिला पाहिजे. तो ०.००१ हून अधिक हलला, तर कुपीची जागा सरकली आहे, काचेवर डाग आहे किंवा आत बुडबुडा आहे असे समजून नमुना पुन्हा भरायचा.

६ जुलै

स्पेक्ट्रोफोटोमीटरची, म्हणजे हे शोषण मोजणाऱ्या उपकरणाची, तरंगलांबी होल्मियमच्या प्रमाणित गाळणीवर तपासली. ती ठीक आहे. दिवा लावल्यावर निदान तासभर वाचन घ्यायचे नाही असे ठरले. गुणोत्तरातल्या ०.०१ च्या चुकीने सामूत ०.००२ ते ०.००३ चा फरक पडतो, हे समीकरणावरून काढून भिंतीवर लावले आहे, म्हणजे कोणती गडबड दुर्लक्षणीय आणि कोणती नाही हे वाचन घेणाऱ्याला तिथल्या तिथे ठरवता येईल. दोन्ही शोषणांक ०.४ ते १.० च्या दरम्यान राहतील इतकेच रंगद्रव्य घालायचे.

१३ जुलै

ट्रिस बफर रंगद्रव्याने मोजला. अपेक्षित आकडा ८.०९३६, आणि बाजारात मिळणाऱ्या रंगद्रव्याच्या पहिल्या बाटलीने ८.०८६ दिला. दुसऱ्या ठिकाणाहून आलेल्या बाटलीने ८.०९१ दिला. तोच बफर, तीच कुपी, तेच तापमान. बदलली ती केवळ बाटली.

या विसंगतीचे कारण माहितीतले आहे. विक्रीतल्या रंगद्रव्यात अशुद्ध घटक असतात आणि ते ४३४ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतात. त्यामुळे पिवळ्या रूपाचा शोषणांक फुगतो, गुणोत्तर कमी भरते आणि सामू खरा आहे त्याहून कमी दिसतो. याओ, लिउ आणि बर्न यांनी २००७ मध्ये दाखवून दिले की या अशुद्धीमुळे ०.०१ पर्यंत चूक होऊ शकते. चूक सगळीकडे सारखी असती तर ती वजा करून मोकळे होता आले असते. पण सामू वाढत जातो तसे पिवळे रूप घटते, अशुद्धीचा वाटा तुलनेने वाढतो आणि चूकही वाढते. म्हणजे खोल समुद्रातल्या कमी सामूच्या पाण्यात आणि पृष्ठभागावरच्या जास्त सामूच्या पाण्यात एकाच बाटलीची चूक वेगवेगळी असते.

उपाय दोन आहेत. शुद्ध केलेले रंगद्रव्य वापरायचे, ज्याचे गुणधर्म लिउ, पात्सावास आणि बर्न यांनी २०११ मध्ये ५ ते ३५ अंश तापमानासाठी आणि २० ते ४० क्षारतेसाठी दिले आहेत. किंवा हाताशी असलेल्या बाटलीतली अशुद्धी मोजून तिची दुरुस्ती करायची. १२ सामूच्या खाऱ्या द्रावणात जवळजवळ सगळे रंगद्रव्य जांभळ्या रूपात असते. तिथे ४३४ ला शुद्ध रंगद्रव्यापेक्षा जो अधिक शोषणांक दिसतो, तो अशुद्धीचा. आम्ही दोन्ही केले. शुद्ध रंगद्रव्याने ट्रिस ८.०९४ आला, आणि दुरुस्तीनंतर दोन्ही जुन्या बाटल्यांचे आकडे त्याच्या ०.००२ च्या आत आले. बाटलीचा क्रमांक यापुढे प्रत्येक नोंदीत जाईल.

२० जुलै

तापमानाचा हिशेब आज नीट मांडला आणि त्यातून एक महत्त्वाची गोष्ट समोर आली. बंद कुपीतल्या समुद्रजलाचा सामू तापमानाच्या एका अंशाच्या वाढीमागे सुमारे ०.०१६ ने उतरतो. रंगद्रव्याच्या विघटन स्थिरांकाचे पीके मूल्य (त्याचा ऋण लॉगरिदम) त्याच दिशेने सुमारे ०.०१४ ने उतरते. दोन्ही जवळजवळ बरोबरीने सरकत असल्यामुळे गुणोत्तर मात्र फारसे हलत नाही. म्हणून कुपीचे तापमान २५.० समजलो आणि प्रत्यक्षात ते २५.१ असले, तर २५ अंशांसाठी काढलेल्या सामूत चूक पडते ती केवळ ०.०००२ च्या आसपास.

ट्रिस बफरचे तसे नाही. त्याचा सामू एका अंशामागे सुमारे ०.०३१ ने उतरतो, म्हणजे दशांश अंशाच्या त्याच गफलतीने तिथे ०.००१७ चा फरक पडतो. बफर तपासणीत दिसणारी विसंगती ही पद्धतीची नसून निव्वळ तापमानाची असू शकते. आणि उलट, पाण्याच्या नमुन्यांत चांगले जुळणारे आकडे तापमानाचे नियंत्रण चांगले असल्याचा पुरावा ठरत नाहीत. त्यामुळे बफर तपासताना कुपीच्या आवरणातून फिरणारे पाणी पुरेसे नाही, कुपीच्या आतले तापमान प्रमाणित तापमापीने ०.०३ अंशांपर्यंत पाहायचे असे ठरले.

समुद्रात ज्या तापमानाला पाणी होते, त्या तापमानाचा सामू हवा असेल, तर अल्कधर्मिता (आम्ल शोषून घेण्याची पाण्याची क्षमता) आणि क्षारता वापरून गणिताने रूपांतर करावे लागते. मूळ वाचन आणि रूपांतरित आकडा हे वेगवेगळ्या रकान्यांत राहतील. एकावर दुसरा लिहायचा नाही.

२८ जुलै

रंगद्रव्य स्वतःही एक दुर्बल आम्ल आहे. त्याचे थेंब पाण्यात पडले की पाण्याचाच सामू थोडा ढळतो, आणि आपण मोजतो तो ढळल्यानंतरचा. द्रावणाचा सामू सोडियम हायड्रॉक्साइडने ७.९ च्या आसपास आणून ठेवला, तर त्या सामूच्या नमुन्यांवर परिणाम नगण्य राहतो. पण कार्बन डायऑक्साइड सोडून आम्लीकरण केलेल्या टाकीतल्या ७.५ सामूच्या पाण्यात आम्हाला ०.००४ पर्यंत फरक आढळला.

ही चूक ट्रिस बफर कधीच दाखवणार नाही, आणि ते मला आज विशेष नोंदवावेसे वाटते. समुद्रजलाच्या तुलनेत या बफरची प्रतिरोधक्षमता, म्हणजे सामूचा बदल रोखण्याची क्षमता, पन्नासपटीहून अधिक आहे. रंगद्रव्याच्या काही थेंबांनी तो जागचा हलत नाही. बफरवर सगळे बिनचूक जुळले म्हणून नमुन्यावरही जुळेल असे मानणे योग्य नाही. यासाठी प्रत्येक तुकडीतल्या काही नमुन्यांत रंगद्रव्य दोनदा घालतो, गुणोत्तर किती सरकते ते पाहतो, आणि त्यावरून रंगद्रव्य शून्य असतानाचे गुणोत्तर काढतो. दुरुस्तीची रेषा रंगद्रव्याच्या प्रत्येक नव्या द्रावणासाठी नव्याने काढावी लागेल.

५ ऑगस्ट

नमुना गोळा करण्याची पद्धत लिहून पक्की केली. नळीचे टोक बाटलीच्या तळाशी ठेवून पाणी हळू सोडायचे, बाटलीच्या क्षमतेइतके तरी पाणी वरून वाहू द्यायचे, खळखळ होऊ द्यायची नाही. प्लॅस्टिकमधून वायू आरपार जातात, म्हणून बाटली बोरोसिलिकेट काचेची. बुचाखाली एक टक्क्याइतकी हवेची जागा, म्हणजे पाणी तापून फुगले तरी बूच सुटणार नाही.

बंद बाटलीतही सूक्ष्मजीव श्वसन करत राहतात आणि सामू उतरत राहतो. नमुना त्याच दिवशी मोजायचा नसेल, तर संपृक्त मर्क्युरिक क्लोराइड नमुन्याच्या आकारमानाच्या ०.०२ टक्के घालून जैविक क्रिया थांबवतात. हे अत्यंत विषारी द्रव्य आहे. त्याचे उरलेले पाणी वेगळ्या भांड्यात साठवून पाऱ्याच्या कचऱ्यासोबतच जाईल, आणि शक्य असेल तिथे त्याच दिवशी मोजून त्याचा वापरच टाळायचा.

वेळही लिहायची. किनाऱ्याजवळ दिवसा वनस्पती कार्बन डायऑक्साइड वापरतात आणि रात्री सगळेच जीव तो सोडतात, त्यामुळे एका दिवसातला चढउतार दशकभराच्या कलाच्या अनेक पटींनी मोठा असू शकतो.

१७ ऑगस्ट

स्वतंत्र पडताळणीचा टप्पा. समुद्रजलाच्या कार्बोनेट प्रणालीत सामू, कार्बन डायऑक्साइडचा आंशिक दाब, एकूण विरघळलेला अजैविक कार्बन आणि एकूण अल्कधर्मिता या चार राशी मोजता येतात, आणि त्यांपैकी कोणत्याही दोन कळल्या की उरलेल्या गणिताने निघतात. आम्ही त्याच नमुन्यांत शेवटच्या दोन राशी मोजल्या. त्यांची यथार्थता अमेरिकेतल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेतल्या डिक्सन यांच्या प्रयोगशाळेने प्रमाणित केलेल्या संदर्भ समुद्रजलावर तपासली होती. त्यांवरून काढलेला सामू आणि रंगद्रव्याने मोजलेला सामू यांत ०.०१ च्या आत फरक राहिला.

हा फरक कोणाचा, हे इतक्यावरून ठरवता येत नाही. स्थिरांकांची अनिश्चितताच त्या मानाची आहे, आणि महासागरी मोहिमांच्या आकड्यांतही मोजलेला आणि गणिताने काढलेला सामू यांत सामूनुसार बदलत जाणारी तफावत दिसत आली आहे. म्हणून मोजलेला आकडा गणिताकडे ओढून न नेता दोन्ही जसेच्या तसे नोंदवले.

२५ ऑगस्ट

टाकीत कायम ठेवायचा अर्धवाहक संवेदक आजपासून चालू झाला. यात काचेच्या पडद्याऐवजी आयनसंवेदी ट्रान्झिस्टर असतो. तो दणकट आहे, प्रतिसाद जलद देतो आणि मिनिटामिनिटाचे बदल दाखवतो. तरंगत्या स्वयंचलित यंत्रांवरही याच जातीचे संवेदक समुद्रात खोलवर जातात, आणि तिथे त्यांच्या वाचनाचे हळूहळू सरकणे सुमारे १५०० मीटर खोलीवरच्या संथ बदलणाऱ्या पाण्याचा आधार घेऊन दुरुस्त केले जाते. आमच्या टाकीत तसा आधार नाही. इथे बाटलीत घेतलेला आणि रंगद्रव्याने मोजलेला नमुनाच संवेदकाचा आधार राहील. नमुना संवेदकाच्या तोंडाजवळूनच आणि त्याच मिनिटाला घ्यायचा, अन्यथा पाण्यातला खरा फरकच संवेदकाची चूक म्हणून दुरुस्त होऊन बसेल.

२ सप्टेंबर

अनिश्चिततेचा ताळेबंद मांडला. बफरची तयारी, रंगद्रव्याच्या अशुद्धीची दुरुस्ती, रंगद्रव्याने होणारे ढळणे, शोषणांकाचे वाचन आणि नमुन्याची हाताळणी हे सर्व धरून ३५ च्या जवळपास क्षारता असलेल्या पाण्यासाठी एकत्रित आकडा ०.००४ येतो. एकाच नमुन्याची वाचने आपसांत ०.००१ च्या आत जुळतात, पण तो आकडा अनिश्चितता म्हणून द्यायचा नाही. ०.००३ चे उद्दिष्ट अजून थोडे दूर आहे आणि सर्वांत मोठा वाटा बफरमधल्या आम्लाच्या प्रमाणीकरणाचा आहे. पुढची तुकडी दोन स्वतंत्र अनुमापनांवर आधारून करायची.

खाडीच्या मुखाशी घेतलेल्या नमुन्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांतल्या काहींची क्षारता २० हून कमी आहे, म्हणजे २०११ च्या समीकरणाच्या मर्यादेबाहेर, आणि ३५ क्षारतेचा ट्रिस बफर त्यांच्यासाठी योग्य तपासणी ठरत नाही. अशा पाण्याची प्रतिरोधक्षमता बहुधा कमी असल्यामुळे रंगद्रव्याने ढळण्याचा धोकाही अधिक. त्यांची गुणोत्तरे, तापमान, क्षारता आणि रंगद्रव्याच्या बाटलीचा क्रमांक हे सर्व मूळ रूपात वेगळ्या तक्त्यात ठेवले आहे, सामूचा रकाना रिकामा सोडला आहे, आणि कमी क्षारतेचे बफर तयार होईपर्यंत तो तसाच राहील.